दोन सूत

मुल्ला सिस्टर विचारतात, दुखणं दहापैकी किती?
हिंदूमामा म्हणतो, दोन सूत.
त्या फॉर्मवर दोन लिहितात.
मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जाते आणि सांगते,
सिस्टर, हे दोन ते दोन नव्हे.
उद्यमनगरात दोन सूत चुकलेला शाफ्ट
सरळ भंगारात जातो.
त्या चपला घालता घालता थांबतात,
भिंतीवर कागद टेकवून दोनाचे आठ करतात.

एकोणचाळीस वर्षं लेथवर.
शर्ट धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करूनसुद्धा
त्याला कूलंटचा वास असायचा.
आता नुसता साबणाचा येतो.
मामी घडी घालताना एकदा हुंगते,
परत एकदा हुंगते,
आणि कपाटात ठेवते.

डॉक्टरांनी फाईल मिटली होती, पाणी प्यायले होते,
मग म्हणाले होते, आता घरीच बरं.
रिक्षात कुणीच बोललं नाही.
दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा मामा म्हणाला,
"मीटर टाकलाय का बघ गं त्यानं."

घास उतरत नाही.
पाणी उतरतं, विचार करत करत.
म्हणून आम्ही घरात फोडणी बंद केली,
कुकरसुद्धा शेजारच्या लोहारांकडं लावायला लागलो.
त्याला चौथ्या दिवशी कळलं.
"चटणी भाजा की. वास तर घिऊ द्या.
घर हाय का दवाखाना?"
मामीनं भर दुपारी मिरच्या भाजल्या,
गल्लीभर ठसका.
तो खोकला, आम्ही धावलो,
तर डोळ्यांत पाणी येऊन तो हसत होता.

पाहुणे शहाळी आणतात.
कुणी कुठल्याशा वैद्याची पुडी, कुणी अंगारा,
कुणी नुसतंच "काही होत नाही" घेऊन येतं
आणि चहा पिऊन जातं.
शहाळी मामीला आणि मलाच संपवावी लागतात,
रात्री, उभ्या उभ्या, फ्रीजच्या उजेडात,
एकमेकींकडं न बघता.

गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणलं, थर्मासमधून, पळत.
घरी येईस्तोवर फेस बसला.
दोन चमचे घेतले त्यानं. म्हणाला, "म्हस चांगली हाय."

त्याची एक जॉबवही आहे.
पार्टीच्या रकान्यात त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय: स्वतः.
दर रविवारी व्हर्नियर लावून मनगट मोजतो.
५२.४०
५१.१०
४९.८०
गेल्या रविवारी हात थरथरला, म्हणून मला दिला.
"दाबू नगंस. मऊ माल हाय."
मी वाचलं सत्तेचाळीस आणि लिहिलं एकोणपन्नास.
त्यानं चष्मा मागितला, बराच वेळ वहीकडं बघितलं.
"व्हर्नियर खोटं बोलत न्हाई.
मामीनं शिकिवलं व्हय तुला?"
खोडरबर शोधायला मी आतल्या खोलीत गेले
आणि तिथंच जरा वेळ राहिले.

रात्री तीनचा डोस.
सिरिंजमधून गालाच्या आत, थेंब थेंब.
मी नऊ वर्षांची असताना
त्यानं मला स्टुलावर उभं करून लेथ दाखवला होता.
स्विच बंद केला तरी चक फिरतच होता,
मी हात पुढं केला, त्यानं खसकन ओढला.
"थांबवायला जायाचं न्हाई.
आपसूक थांबतोय. आपण नुस्तं जवळ उभारायचं."

आता त्याचा श्वास मोठा होतो, बारीक होतो,
मध्येच विसरतो, पुन्हा आठवतो.
मी मोजत बसते. मोजून काय करायचं ते माहीत नाही.
मामी पदरानं तोंड पुसत येते, भिंतीला टेकते,
त्याचा पाय मांडीवर घेते.
"तू पड जा जरा," म्हणते,
"मी बसलो हाय."